रानातल्या घरच्या गमतीजमती: सातारा-सांगलीकरांनो, तुमचा किस्सा टाका

वाघ्याघेवडा (कोरेगाव)

मोबाईलवरच्या रीलमध्ये शेती दोनच प्रकारची असते. एकीत ड्रोनमधून हिरवंगार रान आणि मागे सनई. दुसरीत भेगाळलेली जमीन आणि कपाळाला हात लावून बसलेला म्हातारा. आमचा बहुतेक सगळा वेळ या दोन्हींच्या मध्ये जातो, आणि त्या वेळात मुख्यतः भांडणं होतात. मोटर कोणी बंद करायची, वैरणीला कोणी जायचं, पाहुण्यांसमोर चहाला दूध कमी पडलं तर दोष गाईचा की सुनेचा.

तर असले घरचे किस्से इथे टाका. अट एकच, बांध कोरणं, वाटण्या आणि कोर्टकचेऱ्या इथे नकोत. त्याला वेगळा धागा काढू, तो आपल्या नातवंडांनाही पुरेल.

सुरुवात मी करते. आमची विहीर ओढ्यापलीकडे. लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. थंडीत रात्रीचे हेलपाटे नकोत म्हणून ह्यांनी मोबाईल स्टार्टर बसवला. पेटीत सिमकार्ड असतं, फोन लावला की मोटर चालू, आणि लाईट आली की पेटीच आपल्याला फोन करते. बोलते बाईच्या आवाजात, अगदी बँकेतल्यासारखी.

पहिल्याच रात्री दोनच्या सुमाराला ह्यांचा फोन वाजला. स्पीकर चालू होता. आत्या (म्हणजे माझ्या सासूबाई) मधल्या खोलीतून उठून दारात.

"कोण बाई हाय ही?"

"आई, मोटर हाय."

"मोटर बोलती व्हय रं? मला शिकवतोस?"

मग ह्यांनी त्यांना बॅटरी दाखवत ओढ्यापलीकडे नेलं, पेटी दाखवली, तिथून फोन लावून दाखवला. तेव्हा कुठे पटलं. आता आत्या तिच्याशी बोलतात. "थांब गं बाई, त्यो दारं मोडतोय, इतक्यात बंद पडू नगंस." (दारं मोडणं म्हणजे एका सरीचं पाणी दुसरीत वळवणं.) हे सगळं ठीक होतं. पण परवा शेजारणीला सांगत होत्या, "पेटीतली लई गुणाची. एकदा सांगितलं की ऐकती, उलट बोलत न्हाई." सांगताना बघत होत्या माझ्याकडे.

डोंगरकडा (शिराळा)

आमच्याकडे चांदोलीच्या बाजूने जंगल, त्यामुळे डुकरांचा ताप कायमचा. भुईमुगात शिरली तर एका रात्रीत सऱ्याच्या सऱ्या उकरून ठेवतात. तारेचं कुंपण परवडत नाही, म्हणून सगळे करतात तेच आम्ही केलं. बांबू रोवले आणि जुन्या साड्या बांधल्या. वाऱ्यानं साडी फडफडली की डुकरं बिचकतात म्हणे.

आईने जुन्या साड्यांचं गाठोडं दिलं. ते ओढ्याच्या अंगाला पुरलं, रस्त्याच्या अंगाला कमी पडलं. आबा घरी आले, आई दळपाला गेलेली, त्यांनी माळ्यावरच्या ट्रंकेतलं दुसरं गाठोडं काढलं आणि काम उरकलं. त्या ट्रंकेत काय असतं ते घरातल्या बायकांना विचारा. देण्याघेण्याच्या साड्या. आलेल्या आहेरातल्या, न नेसलेल्या, पुढे कोणाच्या तरी ओटीत जायच्या.

आईला कळलं तोपर्यंत दोन पाऊस पडून गेले होते. आबांना काय काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

पुढे नागपंचमी आली. शिराळ्याची नागपंचमी म्हणजे सासुरवाशिणी येणारच. कडेगावची आत्या आली आणि म्हणाली, चल, रान बघून येऊ. आईने पाऊस आहे, चिखल आहे, गुडघे दुखतात, सगळं सांगून बघितलं. आत्या निघालीच.

रस्त्याच्या वळणावरच थांबली. समोर नारिंगी साडी, पोपटी काठ, त्यावर मोर. एक मोर चिखलानं अर्धा झालेला.

"वहिनी, ही मी थोरल्याच्या लग्नात दिलेली."

मी आणि आबा एकदम भुईमुगाची पानं निरखायला लागलो. टिक्का रोग पडलाय का वगैरे. आई मात्र जागेवरून हलली नाही. शांतपणे म्हणाली, "व्हय वन्सं. आणि त्याच्या आधी ती मी तुमच्या धाकटीच्या बारशाला तुम्हाला दिलेली. काठाला आतनं बघा, दुकानदाराची शाई हाय."

आत्याने खरंच काठ उलटून बघितला. मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही. नंतर आत्याच हसायला लागली, आणि आई पण. ते हसणं कोणत्या प्रकारचं होतं हे मला आजही सांगता येत नाही. आबांनी तेवढ्यात घाईघाईनं विषय बदलला, "डुकरं मात्र एक आलं न्हाई हं ह्या बाजूला."

बांधावरचा (खटाव)

साड्यांवरून आठवलं. आमच्या ज्वारीतल्या बुजगावण्याला माझा कॉलेजातला ब्लेझर घातलाय. चुलते लांबूनच बघून घरी सांगत आले, "पोरगं पुण्यासनं आलंय वाटतं. पण काम काय करंना, नुसतं हुबं ऱ्हायलंय."

वाघ्याघेवडा

@बांधावरचा, काकांची नजर पक्की आहे.

सायदूध (फलटण)

ज्यांच्या घरी डेअरीला दूध जातं त्यांना हे कळेल. सकाळी पप्पा डेअरीतून आले की घराचा मूड त्या पावतीवर. फॅट साडेतीन, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) साडेआठ, त्याच्या वर असलं तर पोहे, खाली आलं तर सगळ्यांनी आपापल्या कामाला लागायचं. दहावीचा निकाल मी पप्पांना गोठ्यात जाऊन सांगितला तर म्हणाले, "वा वा. आज तीन-आठ लागलं."

एकदा काय झालं, एका गाईचं फॅट उतरायला लागलं. पप्पांनी सरकी पेंड बदलली. कडबा वाढवला. डॉक्टर आले, जंताचं औषध झालं, मीठ-मिनरल झालं. तरी फॅट काही वर येईना. मग डेअरीच्या मशीनवर संशय घेऊन झाला, दूध दुसरीकडे नेऊन तपासलं, तिथेही तेच.

तेवढ्यात आजी अकलूजला लग्नाला गेली. आणि फॅट वर. आजी परत आली की फॅट खाली.

गाईच्या धारेत शेवटी शेवटी येणारं दूध जास्त दाट असतं, हे आजीला कोणत्याही डॉक्टरपेक्षा चांगलं ठाऊक. पप्पा भरलेली बादली ओतायला वळले की आजी तांब्या घेऊन बसायची आणि सडातलं ते निपटून घ्यायची. तिचा चहा त्याचाच, आणि त्याचीच साय आम्हा नातवंडांना भाकरीवर. आम्हाला सगळं माहीत होतं, पण साय खाल्लेलं तोंड उघडतं का?

शेवटी आईनेच फोडलं. पप्पा आजीपुढे उभे राहिले, तर आजी म्हणाली, "तुला ल्हानपणी हेच पाजलं, म्हणून तर एवढा वरडाय लागलास."

तांब्या अजून चालू आहे. आता पप्पा हिशोबात धरतात.

मणी (तासगाव)

द्राक्षवाल्यांच्या घरी पाहुणे फेब्रुवारीतच येतात, हा काही योगायोग नाही. मागे एक लांबचे मामा आले, थेट बागेत शिरले, घडाला हात घालून खायला सुरुवात. आमचा सात वर्षांचा चिरंजीव शेजारी उभा राहून बघत होता. मामांचं पोट भरत आल्यावर म्हणाला, "मामा, ह्या ओळीचे फवारलेल्या औषधाचे दिवस अजून भरायचेत. आम्ही तिकडची खातो."

आडसाली (वाळवा)

उसाची तोड कधी येईल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. जुलै-ऑगस्टात लागण करायची, कारखान्याला नोंद द्यायची, पुढच्या सालचा हंगाम लागला की पाळीची वाट बघायची. स्लिपबॉयच्या (कारखान्याच्या तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्याच्या) मागे फिरायचं. टोळीच्या मुकादमाला आज, उद्या, परवा. आणि तोड येणार कधी? तुमच्या घरी ज्या दिवशी काही असेल त्या दिवशी.

आमच्याकडे धाकट्या भावाचा साखरपुडा होता. पहाटे बैलगाड्या घुंगरं वाजवत फडाकडे. मुकादम म्हणाला, आज नको तर मग जानेवारी संपल्यावर बघू. दादांनी क्षणाचाही विचार केला नाही, कोयता चालू म्हणाले. अकरा वाजता मुलीकडची मंडळी आली तेव्हा घरात पुरुष म्हणून एकटा नवरदेव, तोही अर्धी दाढी केलेला. बाकी सगळे फडात.

व्याही मुळात बोरगावकडचे, स्वतः ऊसवाले. दोन मिनिटं पाटावर बसले, चुळबुळ केली, मग विचारलं, "तोड चाललीय का?" आणि उठलेच. टोपी सारखी करत फडात आले. दादा ओशाळून काही बोलणार, तर व्याह्यांनीच दोन कांडी मोडून पेरं मोजली आणि सुरू झाले. उसाची जात कुठली, शहाऐंशी-बत्तीस का? खताचे डोस किती? पाचट पेटवता का कुजवता? एकरी काय पडेल? मागून मुलीचे मामा, चुलते, सगळी वरात बांधावर. कोणीतरी वाडं (उसाचे हिरवे शेंडे, वैरणीला) कोणाला ठरलंय ते विचारलं. ठरलं नव्हतं. मुलीच्या चुलत्यांनी दोन भारे गाडीच्या टपावर टाकले.

इकडे घरात बायकांनी पाट मांडून, निरांजन लावून, वाट बघून बघून शेवटी फोन केला की मुहूर्त टळतोय. अंगठ्या घातल्या तेव्हा दोन्ही बाजूच्या झाडून सगळ्यांच्या अंगाला कुसळं आणि खाज. फोटोत निम्मे लोक मान खाजवताना आलेत. पुरणपोळी पहिली टोळीच्या पंगतीला गेली, पाहुण्यांना दुसऱ्या घाण्याची.

भावजय अजून ऐकवते, "माझ्या बाबांनी मुलगा बघितलाच नाही, टनेज बघितलं."

कोयनेकाठचा (पाटण)

आमच्याकडे भूकंपाचे हादरे अधूनमधून होतातच. १९६७ च्या डिसेंबरातला मोठा भूकंप बघितलेले आजोबा घरात आहेत, त्यामुळे नियम कडक, भांडं वाजलं की सगळे अंगणात. मागे रात्री एक हलका हादरा बसला. सगळे बाहेर. आजोबा बॅटरी मारून मोजायला लागले. म्हैस आली, रेडकू आलं, दोन्ही शेरडं आली, कोंबड्यांचं डालगं आलं. मग समाधानानं म्हणाले, "चला, सगळी हायती." आजी दाराच्या आतनं ओरडली, "मी हाय अजून आत! कडी निघंना!"

माळवं (वाई)

बेंदराची एक छोटीशी. बैल गेले, ट्रॅक्टर आला, पण आजी बेंदूर सोडत नाही. मातीचे बैल पुजून झाले की ट्रॅक्टरला ओवाळते आणि बॉनेटवर पुरणपोळी ठेवते. दरवर्षी पोळी गायब होते. आजी म्हणते, पावला. माझ्या नवऱ्याच्या मिशीला गूळ असतो.

कृष्णाकाठ (पलूस)

२०१९ च्या ऑगस्टातला महापूर. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी गेलं ५७ च्या वर, म्हणजे आम्हा वरच्या अंगाच्या गावांचं काय झालं असेल बघा. त्यातलं पुष्कळ हसण्यासारखं नाही, ते सोडतो. म्हशीचं तेवढं सांगतो.

पाणी चढायला लागल्यावर म्हैस टेम्पोत घालून विट्याला मेव्हण्याकडे पोचवली. मेव्हण्याचा नवा बंगला, खाली पार्किंगला चकचकीत फरशी. घसरू नये म्हणून मेव्हणीने फरशीवर लग्नातल्या सतरंज्या टाकल्या. डास फार म्हणून टेबल फॅन लावला. मेव्हण्याच्या आई दिवसभर तिथे बसून म्हशीशी गप्पा मारायच्या, टीव्हीचा आवाजही तिला ऐकू जाईल इतका मोठा ठेवायच्या.

पूर ओसरल्यावर आणायला गेलो तर म्हैस टेम्पोत चढेना. चौघांनी ढकलून चढवली. घरी दावणीला बांधली तर पान्हा सोडेना. पेंड दिली, गूळ दिला, आईने पाठीवरून हात फिरवला, पण कासेला हात लावला की लाथ. शेवटी मुलगा म्हणाला, फॅन लावून बघा की. लावला. दोन मिनिटांत धार.

तेव्हापासून गोठ्यात फॅन आहे. वडिलांच्या खोलीतला बंद पडलाय, तो दुरुस्त करायला कोणाला वेळ नाही, म्हणून ते दुपारची खाट गोठ्यात टाकतात.

खिल्लारी (आटपाडी)

खरसुंडीच्या यात्रेत खिल्लार जनावरांचा बाजार भरतो. तिथे अजूनही जुने लोक तोंडानं भाव बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि आत बोटं धरून आकडा ठरवायचा, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. तोंडानं नुसतं "ह्यात जमतं का बघा", "न्हाई न्हाई, आणखी जरा".

अण्णा, म्हणजे माझे वडील, नातवाला घेऊन गेले होते. बैल घ्यायचा नव्हता, नुसतं बघायचं होतं. नातवाला तो टॉवेलाचा खेळ फार आवडला. घरी आल्यापासून अण्णांपुढे टॉवेल घेऊन उभा. आधी गोळ्या-बिस्किटाचे पैसे ठरले. मग किती वाजता झोपायचं ते. एकदा मी स्वयंपाकघरातून बघितलं, दोघं ओसरीवर टॉवेलाखाली हात घालून, चेहरे दगडासारखे. अण्णा मान हलवतायत, पोरगं म्हणतंय, "परवडत न्हाई अण्णा, आमचंबी घर हाय."

गेल्या आठवड्यात शाळेतून निरोप आला. मुलगा बाईंकडे टॉवेल घेऊन गेला होता, गृहपाठ किती पानं ते ठरवायला. बाई इकडच्याच, शेतकऱ्याच्याच घरातल्या. त्यांनी हात घातला म्हणे. दहाच्या जागी सात पानांवर सौदा ठरला.