टचस्क्रीनला उठाव हवा, की फोन बोलतो तेवढं पुरे?

गोदाकाठची
काल इथे एकाने लिहिलं होतं की आता फोन बोलतो, तेव्हा अंधांसाठी हाताला लागणारी स्क्रीन बनवायच्या संशोधनावर पैसे घालवणं म्हणजे वाया. रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं. मला जन्मापासून दिसत नाही आणि टचचा फोन मी अकरा वर्षं वापरतेय, म्हणून सविस्तर लिहिते.

साधं बटण असलं की मी आधी चाचपडते, सापडलं की दाबते. सपाट काचेवर चाचपडलं तरी ते दाबलंच जातं, अडचण सगळी इथे आहे. आमच्याकडे इंडक्शन आणलं, वर नुसती गुळगुळीत काच. पहिल्याच दिवशी दूध उतू चाललं म्हणून आच कमी करायला गेले, बोट सरकलं आणि ती वाढलीच, सगळं दूध ओट्यावर. मग आईने एम-सीलचे तांदळाएवढे दाणे करून चिकटवले, चालू-बंदच्या खाली एक, वजाच्या खाली दोन. आता करंगळी दाण्यावर टेकवते आणि तिथून मोजून वरचं बोट ठेवते, एकदाही चुकत नाही. आईला जे अर्ध्या तासात सुचलं ते बनवणाऱ्याला का सुचू नये?

आणि परवा कॉलेज रोडला एका दुकानात कार्डाचं मशीन सगळंच काचेचं. बटणांच्या मशीनवर पाचच्या आकड्यावर हाताला लागणारं टिंब असतं, इथे तेही नाही. दुकानदार म्हणतो, ताई पिन सांगा, मी टाकतो. मागे चार माणसं उभी होती हो!

सातपूरकर
कालची पोस्ट माझीच. आणि मलाही दिसत नाही, हे तुम्हाला माहीत नसेल.

चाचपडणं आणि दाबणं वेगळं करायचं काम २००९ मध्येच झालंय. आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आलं. अँड्रॉइडवर टॉकबॅक त्याच वर्षी आलं, पण त्यात ही सोय २०११ मध्ये आली. बोट फिरवलं की वाचून दाखवतं, दोनदा टॅप केलं की उघडतं. काच तीच, फोन तोच, जो शेजारचा वापरतो तोच. "खास अंधांसाठी" असं लेबल लागलं की किंमत डोक्यावरून जाते आणि दुरुस्तीला माणूस मिळत नाही. माझ्याकडे ब्रेल डिस्प्ले आहे, पिना वर-खाली करून एका वेळी वीस ब्रेल अक्षरं उठवणारं यंत्र, दोन पिना वर यायच्या बंद झाल्यात आणि तो वर्षभर कपाटात पडून आहे. मला पुन्हा तसलं काही नको.

गोदाकाठची
फोनचं ठीक आहे. इंडक्शनमध्ये टॉकबॅक कुठून आणू? लिफ्टमध्ये? आणि कानाचं काय, द्वारका चौकात रस्ता ओलांडताना माझे कान गाड्यांकडे असतात, तेव्हा फोनचं ऐकू की ट्रकचं?

अंबड_वर्कशॉप
मी कंट्रोल पॅनेल बनवतो म्हणून बोलतो. काचेवर उठाव भासवायचे प्रयोग झालेत. २०१० मध्ये डिस्नेच्या संशोधकांनी टेस्लाटच दाखवलं, काचेखाली विजेचा बदलता दाब देतात, त्याने बोटाची कातडी ओढली जाते आणि काच खरखरीत लागते. पण बोट हलत असेल तरच. टेकवून ठेवलं की काहीच कळत नाही, म्हणजे ताईंना हवा तो "करंगळी टेकवायचा दाणा" त्यातून मिळत नाही. आणि साध्या फोनची थरथर अख्ख्या फोनला होते, कुठल्या आकड्यावर आहात ते ती सांगत नाही. दाणा हवा तर तो खराच बसवावा लागतो. खर्च? साच्यात एक टिंब जास्त, बस्स.

नाशिकरोडकर
काचेचं राहू द्या, आधी नोटांचं बोला. आमच्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापतात आणि त्या नोटा आंधळ्या माणसाला ओळखता येत नाहीत. जुनी पाचशेची १६७ मिलिमीटर, शंभरची १५७, सरळ एक सेंटीमीटरचा फरक. आता पाचशे १५०, दोनशे १४६, शंभर १४२. रुंदी या तिन्हींची ६६. चार मिलिमीटर बोटाला कळतात का? माझ्या मामांनी भाजीवाल्याला शंभर समजून पाचशे दिले.

प्रेसवाला_निवृत्त
उगाच प्रेसला नावं ठेवू नका. मापं आम्ही ठरवत नाही, रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकार ठरवतं, आम्ही छापतो. आणि शंभरवर उठावाचा त्रिकोण आहे, पाचशेवर गोल आहे, कडेला तिरक्या रेघा आहेत, शंभरला चार, पाचशेला पाच. बत्तीस वर्षं त्या शाईत गेली माझी, माहिती नसताना बोलू नये.

गोदाकाठची
काका, कोऱ्या नोटेवर आहे, कबूल. पावसाळ्यात भद्रकालीच्या बाजारातली ओली, चार घड्या पडलेली नोट हातात घ्या आणि डोळे मिटून त्रिकोण शोधा.

नाशिकरोडकर
तेच म्हणतोय मी! आणि कॅमेऱ्याने नोट ओळखून सांगणारं रिझर्व्ह बँकेचं मनी (MANI) ॲप आहे म्हणून सांगू नका कोणी, रिक्षावाला खोळंबलेला असताना माणूस नोटेचे फोटो काढत बसेल का.

प्रेसवाला_निवृत्त
घासून जातो उठाव, ते खरंय. पण म्हणून माझ्या माणसांना दोष देऊ नका, एवढंच म्हणणं होतं. याउपर मी लिहिणार नाही.

सातपूरकर
नोटांवरून सगळे भांडताहेत म्हणून मी आता यूपीआयच करतो, कानात हेडफोन घालून, पिनचे आकडे मला एकट्यालाच ऐकू येतात.

गोदाकाठची
आणि ज्या दुकानात फक्त कार्डाचं काचेचं मशीन आहे तिथे? सरळ सांगा.

अंबड_वर्कशॉप
ताई, त्या मशीनवर बसेल असं आकड्यांच्या जागी भोकं पाडलेलं प्लॅस्टिकचं झाकण मी करून बघतो, पाचच्या कडेला टिंब. फक्त दुकानदाराकडून मशीनचं माप मिळवा.

सातपूरकर
फोनच्या बाबतीत माझं मत तेच राहील, तिथे वेगळं काही नको. कार्डाच्या मशीनचं मात्र तुमचं बरोबर आहे. मी पिन सांगितलाय दुकानदाराला. दोनदा. दुसऱ्यांदा घरी येऊन झोप लागली नाही, सकाळी एटीएमवर जाऊन बदलला, तोही रांगेतल्या एका अनोळखी माणसाला विचारत विचारत. झाकण झालं की मला कळवा, मी सातपूरहून येतो.