नवतपातही आईला थंडी वाजते, आयुर्वेदात काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

आईसाठी विचारते आहे. वय ५९, आम्ही नागपूरला महालात राहतो. दिवाळीपासून तिला सारखी थंडी वाजते. डिसेंबरात इथे पारा १० च्या खाली जातोच, म्हणून तेव्हा मनावर घेतलं नाही. पण आता नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापते नऊ दिवस, लागलाय, घरात कूलरशिवाय बसवत नाही, आणि आई झोतातून खाट बाजूला ओढून शाल पांघरते. "थंडी वाजून राहिली ना बाप्पा, बंद कर तो," म्हणते. दुपारी सगळे निजले की गच्चीच्या जिन्यावर जाऊन बसते, तापल्या फरशीवर पावलं टेकवून. काल ती तिथून उतरली तेव्हा मी तिचे पाय हातात घेतले. तळवे कोमट, पण बोटं गारच. मला रडू आलं.

थायरॉईड आणि शुगर नॉर्मल आहे, हिमोग्लोबिन मात्र ८.९. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, पण पोट साफ होईना म्हणून तिने त्या गुपचूप सोडल्या. मसाल्याच्या डब्यामागे पाकिटं सापडली. पाळी जाऊन नऊ वर्षं झाली, तरी रक्त का घटतंय याच्या तपासण्या सुरू आहेत. त्या थांबवणार नाही, हे आधीच सांगते. बी-१२ या आठवड्यात करू.

जो तो म्हणतो, उष्ण दे. मी तीन आठवडे सुंठ-मिरी-पिंपळी मधातून दिली. तोंड आलं, छातीत जळजळ झाली, थंडी तशीच. मग सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद रुग्णालयात नेलं. तिथल्या वैद्यांचं म्हणणं मला पटलं. ते म्हणाले, नुसतं उष्ण देऊन भागणार नाही. चरकाने पांडुरोगाच्या, म्हणजे रक्त कमी होऊन अंग फिकं पडण्याच्या आजाराच्या, लक्षणांत 'शिशिरद्वेषी', म्हणजे गारवा न सोसणारा, असा शब्द दिलाय. आधी अग्नी, म्हणजे पचनशक्ती, सुधारायचा, मग रक्त. पुनर्नवा मंडूर हे औषध आणि रोज तिळाच्या कोमट तेलाने अभ्यंग सांगितलं. जेवणावर लगेच चहा घ्यायची तिची सवयही मोडायला सांगितली. चहाने अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही.

आता माझ्या शंका. मंडूरमध्येही लोहच असतं ना? मग डॉक्टरांच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या तर दोन्ही मिळून जास्त होईल का? दोघांनाही विचारणार आहे, पण कुणी हे सोबत घेतलं असेल तर अनुभव सांगा, विशेषतः पोटाचा. रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका सुरू केल्यात, थोडा फरक वाटतो.

दुसरं, लोह शोषलं जायला 'क' जीवनसत्त्व हवं, पण संत्र्यांचा हंगाम गेलाय, ताजा आवळाही नाही. जेवताना वरणावर लिंबू पिळते, तेवढं पुरेल का? तिला आम्लपित्ताचा त्रास आहे, म्हणून धाकधूक वाटते.

आणि अभ्यंग. तिळाचं तेल उष्ण, बाहेर हे असं ऊन. खोबरेल गार म्हणून ते नको वाटतं. या दिवसांत रोज सर्वांगाला लावावं, की फक्त तळपायांना आणि पोटऱ्यांना? सध्या रात्री पायांनाच चोळते. चोळताना ती डोळे मिटून पडते आणि तासभर तरी शाल मागत नाही.

एका नातेवाइकांनी शिलाजीत आणि अश्वगंधा आणून दिलीय. वैद्यांना विचारल्याशिवाय डबी उघडणार नाही.

कुणाच्या आईला, सासूबाईंना असं झालं असेल तर जरूर लिहा. वाट बघते.