विलियर्स ६ई पूर्ण जाम: सिलिंडर आणि कनेक्टिंग रॉड शाबूत ठेवून पिस्टन कसा सोडवायचा?

सुटेभाग

नमस्कार मंडळी,

विलियर्सचं ६ई इंजिन बाकावर घेतलंय. १९७ सीसी, टू-स्ट्रोक, गिअरबॉक्स जोडलेला. मोटरसायकलच्या चौकटीतून कुणीतरी कधीकाळी काढलं आणि ओलीच्या जागी टाकून दिलं असावं. कार्ब्युरेटर नव्हताच, इनलेट उघडंच होतं आणि प्लगच्या भोकात चिंधी कोंबलेली होती. किक खाली जात नाही. फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून जोर लावला तरी हलत नाही.

प्लग निघाला. हेडचे बोल्ट तापवून, तेल मुरवून, एकही न तुटता निघाले. हेडही उचललं. पिस्टन मध्याच्या बऱ्यापैकी खाली अडकलाय, एक्झॉस्ट पोर्टचा (धूर बाहेर जायच्या भोकाचा) वरचा भाग उघडा दिसतो. पिस्टनच्या वर भिंतीवर गंजाचा तपकिरी पट्टा आहे, बोटाला खरखरीत लागतो. वरून डिझेल ओतलं की पोर्टातून वाहून जातं, थांबतच नाही.

दुसरी अडचण फ्लायव्हीलची. मधला मोठा नट पान्याने फिरवला तर थोडा सुटला आणि पुन्हा घट्ट झाला. आटे गेले का? की उलटे आटे आहेत? अजून जोर लावायची हिंमत होत नाही.

इंजिन शोभेला ठेवायचं नाही, चालवायचं आहे. वेळ कितीही लागू दे, मोडतोड नको.

ग्रीसगन

घण मारत बसू नका. जुना प्लग पोकळ करून त्यात ग्रीसचं निपल बसवा, हेड परत लावा आणि ग्रीस गनने दाब द्या. हाताने चालवायच्या गनमधूनही एवढा दाब येतो की अडकलेला पिस्टन निमूट सरकतो. ट्रॅक्टरच्या इंजिनांवर मी हेच करतो. कॉम्प्रेसरची हवा मात्र चुकूनही वापरू नका. दाबलेली हवा एकदम सुटली तर पिस्टन गोळीसारखा येतो. ग्रीस दबत नाही, त्यामुळे पिस्टन हलला की दाब लगेच उतरतो.

खारेपाणी

धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून बॅटरी चार्जरने करंट द्या. मी बिडाचे भाग असेच साफ करतो. गंज सुटतो, मूळ धातूला काही होत नाही.

बाकावरचा फिटर

तिघांचंही वाचलं. विलियर्सची ही छोटी टू-स्ट्रोक इंजिनं माझ्या विशेष आवडीची, म्हणून सविस्तर लिहितो.

ग्रीस गनची युक्ती चांगली आहे, मीही वापरतो, पण इथे चालणार नाही. एक्झॉस्ट पोर्ट उघडा आहे. ज्या वाटेने डिझेल गेलं त्याच वाटेने ग्रीस जाईल. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन पोर्टांच्या वर अडकला असेल तरच दाब धरतो. सोड्याचा उपायही नको. बिडाच्या सिलिंडरला तो चालतो, पण आत पिस्टन ॲल्युमिनियमचा आहे आणि खालचं क्रँककेसही. ॲल्युमिनियमला असं क्षाराचं पाणी खातं. पिस्टन बाहेर आल्यावर नुसतं सिलिंडर बुडवायचं तर खुशाल बुडवा, फक्त चार्जरच्या दुसऱ्या टोकाला स्टेनलेसचा तुकडा लावू नका. त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं.

आता फ्लायव्हील. सुरुवात तिथूनच करा, कारण काय जाम आहे हे अजून आपल्याला ठाऊकच नाही. पिस्टन अडकलेला दिसतो म्हणून दोष त्याचाच, असं धरून चालू नका. ओलीतल्या विलियर्समध्ये फ्लायव्हीलची चुंबकं आणि आतल्या कॉइलचे लोखंडी पोल यांच्यात फट अगदी बारीक असते. ती गंजाने भरली की तेवढ्यानेही क्रँक (रॉड ज्याला फिरवतो तो दांडा) धरून राहतो.

तुमच्या नटाला काही झालेलं नाही. आटे सरळच आहेत आणि शाबूत आहेत. विलियर्सने पुलर त्या नटातच दिलाय. नट आधी सुटतो, मग त्याची कड फ्लायव्हीलवर स्क्रूने बसवलेल्या चकतीला आतून टेकते आणि पुन्हा जड लागतो. तिथून पुढे फिरवत राहिलं की नटच फ्लायव्हीलला टेपरवरून (क्रँकच्या निमुळत्या टोकावरून) ओढून काढतो. नेमकी याच ठिकाणी माणसं घाबरतात, चकती काढून टाकतात आणि मागून पेचकस घालून फ्लायव्हील उचकटायला बघतात. मग कॉइलची प्लेट वाकते नाहीतर क्रँककेसचा कान तुटतो. चकतीचे स्क्रू घट्ट आहेत याची खात्री करा. नटाला नेमका बसणारा जाड पाना घ्या आणि पान्याच्या टोकावर हातोडीचे आखूड, कोरडे टोले द्या. या कामासाठी विलियर्सचा स्वतःचा पाना होता, तोही हातोडीने ठोकायचाच. पाइप लावून संथ जोर देऊ नका. तो सगळा जोर अडकलेल्या पिस्टनवर आणि रॉडवर जाईल. टोल्याचा धक्का फ्लायव्हीलचं वजनच पचवतं. टोले पान्यावर द्यायचे, फ्लायव्हीलवर एकही नाही. जुनी चुंबकं धक्क्याने कमजोर होतात. फ्लायव्हील निघालं की लगेच त्यातल्या चुंबकांच्या पोलांवर आडवी लोखंडी पट्टी ठेवा आणि पट्टीसकटच बाजूला ठेवा. काढण्याआधी फ्लायव्हील आणि प्लेटवर खूण करून फोटो घ्या, टायमिंग जुळवताना लागेल.

हे इंजिन ब्रिटिश आहे, त्याला मिलिमीटरचे पाने बरेचदा सैल बसतात. विटवर्थच्या (जुन्या ब्रिटिश) मापाचे पाने मिळवा. जाम नटाचे कोपरे एकदा गोल झाले की सोपं काम अवघड होऊन बसतं.

फ्लायव्हील गेलं, दुसऱ्या बाजूची प्रायमरी चेन उतरवली, की क्रँकचं टोक हाताने धरून मागेपुढे हलवून बघा. किंचित टकटक जाणवली तर मेन बेअरिंग मोकळे आहेत आणि अडकलाय तो पिस्टनच. काहीच हललं नाही तर आधी बेअरिंगांकडे बघावं लागेल. क्रँकही जाम असताना वरून पिस्टन दाबला तर मधल्या मधे रॉड वाकतो.

समजा टकटक आहे. आता तुमच्याकडचं चित्र बघा. गंज पिस्टनच्या वर आहे. खालची भिंत पिस्टनने झाकलेली, जुन्या तेलाने माखलेली, म्हणजे बऱ्यापैकी चांगली असणार. पिस्टन खाली न्यायचा आणि सिलिंडर वर उचलून त्याला खालूनच बाहेर काढायचा. गंजलेल्या पट्ट्यातून तो जायलाच नको. पुष्कळ लोक क्रँक फिरवून तो वर आणायला बघतात आणि रिंगा गंजात रुतवतात.

तेल मुरवण्यासाठी एक्झॉस्ट पोर्टात रबराचं किंवा लाकडाचं बूच ठोका, नाहीतर पोर्ट वर येईल असं इंजिन कलतं करून ठेवा. मी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं वापरतो. दोन्ही एकमेकांत मिसळून राहत नाहीत, त्यामुळे दर वेळी बाटली हलवून मगच ओता. ॲसिटोन भडकतं, तर ते पूर्ण उडून जाईपर्यंत जवळ ज्योत नको. क्रँककेसमध्ये जुनं पेट्रोल साचलेलं असू शकतं, हेही ध्यानात असू द्या. गॅसच्या टॉर्चपेक्षा हॉट एअर गन बरी.

तापवण्याबद्दल एक गैरसमज सतत दिसतो. ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. दोन्ही सारखेच तापले तर पिस्टन उलट जास्त घट्ट बसतो. म्हणून उष्णता बाहेरून फिन्सवर, झटपट द्यायची, आणि पिस्टनच्या माथ्यावर बर्फाची पिशवी ठेवायची. मग सगळं थंड होऊ द्यायचं आणि पुन्हा तेल द्यायचं. या फुगण्या-आकसण्याने गंजाची पकड तुटते आणि तेलाला आत शिरायला फट मिळते. पाण्याचा थेंब चुरचुरेल इतकं तापलं की पुरे.

आता जोर. मी हातोडा घेत नाही. जाड पोलादी पट्टी घ्या, हेडच्या बोल्टांच्या मापाने भोकं पाडा, आणि मधोमध आटे पाडून बारीक आट्यांचा मोठा बोल्ट बसवा. ही पट्टी हेडच्या जागी सिलिंडरवर कसायची. बोल्ट लांब घ्या, सिलिंडरचे आटे पूर्ण धरले पाहिजेत. बोअर ५९ मिलिमीटरचा आहे, तर ५७ मिलिमीटरची कडक लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची चकती पिस्टनच्या माथ्यावर ठेवा आणि मधला बोल्ट तिच्यावर कसा. जोर पट्टी आणि पिस्टन यांच्यातच राहतो, क्रँककेसला त्याची झळ लागत नाही. बोल्ट ताठ झाला की थांबा. तेल द्या, तापवा, तसंच ताणात रात्रभर सोडा. सकाळी बोल्ट सैल लागला तर पिस्टन सरकलाय. थोडंसं सरकलं तरी काम झालं म्हणा.

एक सावधगिरी. पिस्टन अगदी वर किंवा अगदी खाली अडकला असता तर ही पट्टी लावू नका म्हटलं असतं. तिथे रॉड आणि क्रँक एका रेषेत येतात, क्रँक फिरू शकत नाही आणि सगळा भार रॉडवर, बेअरिंगवर जातो. तुमचा पिस्टन अधेमधे आहे, हे तुमचं नशीब.

पिस्टन तळाला गेला की सिलिंडरच्या पायाचे नट काढा, सिलिंडर सरळ वर उचला. थोडं उचललं गेल्यावर रॉडभोवती क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, मगच पुढे. रिंगेचा तुकडा किंवा सर्क्लिप (पिस्टनची पिन अडकवणारी कडी) आत पडली तर पूर्ण केस उघडावं लागतं.

गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी) ठोकून काढू नका. सर्क्लिप काढून पिस्टन हॉट एअर गनने तापवा, ॲल्युमिनियम फुगलं की पिन बोटाने सरकते. ठोकलीत तर रॉड वाकतो, आणि वाकलेला रॉड डोळ्याला दिसत नाही, नव्या पिस्टनची एक बाजू झिजल्यावर कळतो. रिंगांच्या खाचांमध्ये बारीक खुंट्या आहेत, रिंगेची टोकं पोर्टात अडकू नयेत म्हणून. साफ करताना त्या जपा.

ग्रीसगन

उघड्या पोर्टाचा मुद्दा बरोबर. मी फोर-स्ट्रोकच्या सवयीने लिहिलं. पट्टीची कल्पना उचलतोय.

सुटेभाग

दादा, फ्लायव्हील सुटलं! तुम्ही म्हणालात तसंच, नट पुन्हा जड झाला, पान्यावर टोले देत गेलो आणि फाटकन आवाज येऊन ते टेपरवरून मोकळं झालं. पोलांवर गंज होता, पण क्रँक धरून ठेवण्याइतका नव्हता. चेन काढल्यावर टकटक स्पष्ट जाणवली. मग पट्टी बनवली. बराच काळ बोल्ट जिथल्या तिथे होता, तेल आणि तापवणं चालू ठेवलं. एके सकाळी बोल्ट हाताने फिरला. आता सिलिंडर बाहेर आहे, पिस्टनही अखंड आहे. खालची भिंत खरंच चकचकीत निघाली.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. गंजाच्या पट्ट्यात खड्डे आहेत, नख अडकतं. नुसतं होनिंग (दगडांनी भिंत हलकी घासणं) पुरेल का? आणि रॉडचं खालचं बेअरिंग फिरवताना वाळू असल्यासारखं खरखरतं. रॉकेलने धुतलं तर थोडं सुधारलं.

बाकावरचा फिटर

छान काम केलंत, मनापासून आनंद झाला.

नख अडकतं म्हणजे होनिंगने भागणार नाही. खड्डे जाईपर्यंत होनिंग केलं तर बोअर वाकडातिकडा होईल आणि मापही राहणार नाही. रिबोअरच (बोअर कापून मोठा करणं) करावं लागेल. आधी बोअर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजा. मग ओव्हरसाइज पिस्टन हातात येऊ द्या, आणि त्या पिस्टनच्या मापावरून बोअर करून घ्या. पिस्टन नंतर शोधू म्हणून आधीच बोअर करून ठेवू नका. बोअर झाल्यावर पोर्टांच्या कडा सुरीसारख्या धारदार होतात. त्या बारीक दगडाने हलक्या मोडायला सांगा, नाहीतर नव्या रिंगा तिथे अडकून तुटतील. हे न सांगता करणारे कमीच भेटतात.

खालच्या बेअरिंगबाबत तडजोड नको. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये तेल साठलेलं नसतं, पेट्रोलबरोबर आलेलं पातळ तेल तेवढंच. इनलेट उघडं राहिलं की ओल थेट या रोलरांवर बसते. धुऊन सुधारलं म्हणजे सैल गंज गेला, रोलरवरचे डाग तसेच आहेत. रॉड सरळ वर-खाली ओढून बघा. बाजूला थोडा हलला तर चालतं, वर-खाली अजिबात हलता कामा नये. पण खेळ नसला तरी खरखर आहे म्हणून क्रँक काढायचाच. तो दाबून जोडलेला असतो. प्रेसवर सोडून, पुन्हा जोडून, सेंटरवर धरून डायलने सरळ करून घ्यावा लागतो. हे काम घरी करू नका.

केस उघडताना जोडाच्या फटीत पेचकस घालू नका. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस पंपाचंही काम करतं, त्या जोडावर एक ओरखडा पडला तरी हवा ओढतं आणि इंजिन पातळ मिश्रणावर तापतं. सगळे स्क्रू निघाल्याची खात्री करा, केस तापवा आणि लाकडी हातोडीने कडेकडेने थोपटा. तापल्यावर बेअरिंगही आपोआप सुटतात. सील जुनी परत घालू नका.

बोअरची सहाही मापं आणि क्रँकच्या टेपरचा फोटो टाका. टेपरवर ओरखडे असतील तर फ्लायव्हील बसवण्याआधी ते लॅप करावं (बारीक पेस्ट लावून टेपरवर घासून बसवावं) लागेल, त्याची पद्धत फोटो बघून सांगतो.