ई टीव्ही मराठीचं कलर्स कसं झालं आणि तारा मराठी कुठे गेलं? कुणाला नीट माहिती आहे का

वाईकर

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. २००१-०२ च्या सुमारास आमच्या केबलवर मराठी म्हणून सह्याद्री, अल्फा मराठी, ई टीव्ही मराठी आणि तारा मराठी लागायचं. अल्फाचं २००५ ला झी मराठी झालं, ते समजण्यासारखं आहे, मालक तेच होते, पाटी बदलली. पण ई टीव्हीचं कलर्स झालं तेव्हा नेमकं काय झालं? चॅनेल विकलं, का भागीदारी झाली, का नुसतं नाव बदललं? आणि विकलं असेल तर मग ई टीव्ही तेलुगू अजून त्याच नावाने कसं काय चालू आहे? माझी आई अजूनही कलर्सला ई टीव्हीच म्हणते आणि "ई टीव्हीवर लाव" म्हटलं की घरात सगळ्यांना बरोबर कळतं.

तारा मराठीबद्दल तर कुठेच काही धड सापडत नाही. एक अख्खं चॅनेल होतं, लोक तिथे नोकरीला होते, मालिका बनत होत्या, आणि आज त्याचं नाव घेतलं तर पंचविशीतली पोरं म्हणतात असं काही नव्हतंच. हे मला खरंच खटकतं. कुणाला माहिती असेल तर सविस्तर लिहा, मोठं लिहिलं तरी चालेल.

न्यूजवेडा

ई टीव्हीचं सांगतो. ई टीव्ही मराठी सुरू झालं ९ जुलै २००० ला, रामोजी रावांच्या ईनाडू ग्रुपचं, सगळा कारभार हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून. त्यांची तेलुगू, मराठी, कन्नड, बांगला, उर्दू, मग हिंदी राज्यांची वेगवेगळी अशी चॅनेलं होती.

जानेवारी २०१२ मध्ये जाहीर झालं की ही चॅनेलं टीव्ही १८ ही दुसरी टीव्ही कंपनी घेणार, सौदा साधारण २१०० कोटींचा. त्याआधीच रिलायन्सच्या कंपन्यांनी ई टीव्हीत पैसे घातलेले होते, तोच हिस्सा पुढे टीव्ही १८ कडे द्यायचं ठरलं. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर वाटणीत आहे. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, मध्य प्रदेश आणि उर्दू ही बातम्यांकडची चॅनेलं शंभर टक्के गेली. मराठी, कन्नड, बांगला, गुजराती, ओडिया ही मनोरंजनाची पन्नास टक्के. आणि तेलुगूत फक्त साडेचोवीस टक्के. म्हणजे तेलुगूचा ताबा रामोजी ग्रुपने सोडलाच नाही, म्हणून ते नाव तिथे आजही आहे.

व्यवहार पूर्ण व्हायला २०१४ चा जानेवारी उजाडला. पुढे मराठी आणि बाकीची मनोरंजनाची चॅनेलं कलर्स चालवणाऱ्या व्हायकॉम १८ कडे आली आणि २२ मार्च २०१५ ला, म्हणजे त्या वर्षीच्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, ई टीव्ही मराठीचं कलर्स मराठी झालं. म्हणजे सौदा आधी ठरला, नाव तीन वर्षांनी. "तू माझा सांगाती" आठवतंय का? ती मालिका २०१४ मध्ये ई टीव्हीवर सुरू झाली आणि संपली कलर्सवर, मधे कोपऱ्यातला लोगो तेवढा बदलला. "चार दिवस सासूचे" मात्र २००१ ला सुरू होऊन २०१३ च्या जानेवारीत ई टीव्हीवरच संपली, तीन हजारांवर भाग झाले तिचे. त्यामुळे आईंनी ई टीव्ही म्हणणं साहजिक आहे, अकरा वर्षं रोज तेच नाव समोर होतं.

आता तर २०२४ च्या नोव्हेंबरपासून व्हायकॉम १८ आणि स्टार एकत्र होऊन जिओस्टार झालंय, म्हणजे स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी, जे एकमेकांशी टीआरपीसाठी भांडायचे, ते एकाच घरात आलेत.

वाईकर

वा, साडेचोवीस टक्क्यांचं माहितीच नव्हतं, आता सगळं लागलं. पण तारा? त्यावर कुणीतरी लिहा ना.

केबलवाला_इचलकरंजी

ताराचं मी सांगतो, पण कंपनीच्या बाजूने नाही, आमच्या कंट्रोल रूमच्या बाजूने, म्हणजे जिथून केबल घरोघरी जाते तिथून, कारण माझ्या मते ते चॅनेल मेलं तेही तिथेच.

आज सेट टॉप बॉक्समुळे पाचशे चॅनेलं बसतात त्यामुळे नवीन लोकांना कल्पना येणार नाही. बॉक्स येण्याआधी ॲनालॉगला प्रत्येक चॅनेलसाठी कंट्रोल रूममध्ये एक वेगळा रिसीव्हर आणि एक वेगळा मॉड्युलेटर लागायचा, गच्चीवर त्या सॅटेलाईटकडे तोंड करून डिश, आणि मग केबलमधली एक फ्रिक्वेन्सी त्या चॅनेलला द्यायची. फ्रिक्वेन्सी मोजक्याच. त्यातही लोकांच्या घरी जुने टीव्ही, त्यांना हायपर बँड, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सी, पकडायचाच नाही. म्हणजे कागदावर तुम्ही चॅनेल दाखवताय, पण निम्म्या घरांत नुसत्या मुंग्या. चांगली जागा म्हणजे प्राइम बँड, तिथे दूरदर्शन, स्टार, झी, सोनी, क्रीडा चॅनेलं बसलेली. नवीन माणूस आला की त्याला मागे टाकायचं, आणि पुढे यायचं असेल तर पैसे मोजायचे, त्यालाच पुढे कॅरेज फी म्हणायला लागले. २००० नंतर हे वाढतच गेलं.

आता बघा, अल्फा झीच्या गठ्ठ्यात, म्हणजे एकत्र दिल्या जाणाऱ्या चॅनेलांत, आलं आणि झीचं स्वतःचं केबलचं जाळं होतं, सिटीकेबल, १९९४ पासून. त्याला जागेची चिंताच नाही. ई टीव्हीमागे ईनाडूसारखा मोठा वर्तमानपत्राचा ग्रुप आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या बातम्या, त्यामुळे ग्राहक स्वतः फोन करून विचारायचे की आमच्याकडचं काही दाखवलं म्हणे, लावा की. ताराला यातलं काहीच नाही. ना स्वतःची केबल, ना मोठा गठ्ठा, ना लोकांची मागणी. आमच्याकडे एखादा रिसीव्हर बिघडला किंवा नवीन क्रीडा चॅनेल आलं की कोणाला काढायचं हे ठरवायला दोन मिनिटं लागायची नाहीत. ज्याच्यासाठी तक्रारीचा फोन येत नाही ते चॅनेल काढायचं, हा सरळ हिशोब. कार्यक्रम चांगले का वाईट हा प्रश्न तिथपर्यंत यायचाच नाही. आणि केबलवर नाही म्हटल्यावर जाहिराती कोण देणार?

पुढे डिजिटल झालं, पुण्या-नागपुराला मार्च २०१३ ची मुदत होती, आमच्यासारख्या गावांना २०१५ च्या डिसेंबरअखेरची. जागेचा प्रश्न बराचसा सुटला. पण तारा मराठी तोपर्यंत केव्हाच गेलं होतं. त्याच्या नशिबात ते आलं नाही याचं मला वाईट वाटतं, कारण आज आलं असतं तर निदान दिसलं तरी असतं.

हावडा_ते_दादर

ताराच्या मालकाची बाजू मी लिहितो, कोलकात्यात राहतो त्यामुळे ते नाव इथे चांगलंच माहितीचं आहे.

तारा काढलं रथिकांत बसू यांनी. हे आधी दूरदर्शनचे महासंचालक होते, मग १९९६ च्या सुमारास स्टारमध्ये गेले आणि तिथून बाहेर पडून ब्रॉडकास्ट वर्ल्डवाइड नावाची कंपनी काढली. २००० मध्ये कल्पना अशी की एकाच नावाखाली बांगला, मराठी, गुजराती, पंजाबी अशी चार चॅनेलं. कल्पना चुकीची अजिबात नव्हती, आज झी, स्टार, कलर्स सगळे तेच करतात. पण एकदम चार भाषांत उतरायचं म्हणजे चार स्टुडिओ, चार ठिकाणचे कलाकार, चार राज्यांतले केबलवाले, आणि मागे पैसा पुरवणारं मोठं हिंदी चॅनेल नाही. झीकडे ते होतं. मराठी, गुजराती आणि पंजाबी काही वर्षांतच बंद पडली, एकटं बांगला टिकलं.

त्याचंही पुढे फार वाईट झालं. बांगलाकडची तारा न्यूज आणि तारा म्युझिक शारदा ग्रुपकडे गेली आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये शारदा चिटफंड कोसळला. पगार थांबले तरी तिथल्या लोकांनी चॅनेल चालू ठेवलं होतं, पडद्यावरच प्रेक्षकांना आपली परिस्थिती सांगत होते. मी ते बघितलंय आणि अजून विसरलो नाही. चॅनेल म्हणजे मालक असं आपण धरून चालतो, पण त्या दिवसांत मालक नसताना चॅनेल चालू होतं.

डेस्कवरची

वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी हैदराबादला ई टीव्हीच्या मराठी बातम्यांच्या डेस्कवर होते, नंतर मुंबईत आले.

फिल्म सिटी शहरापासून बरीच लांब, स्टाफच्या बसने जायचो. एकाच इमारतीत मराठी, कन्नड, बांगला, उर्दू सगळे डेस्क. चंद्रपुरात पूर आला की बातमी तिथल्या रिपोर्टरकडून यायची, आम्ही हैदराबादला बसून लिहायचो, आणि वाचणारी मुलगी लातूरची नाहीतर जळगावची. गावांची नावं चुकू नयेत म्हणून एकमेकींना ओरडून विचारायचो, "अगं ते देऊळगाव राजा का देऊळगाव मही?", कारण चुकलं की त्या गावातून फोन आलाच म्हणून समजा. वर केबलवाले दादा म्हणाले ते अगदी खरं आहे, लोक आपल्या तालुक्याचं नाव ऐकायला बसायचे. मुंबईतली मोठी बातमी असली तरी बुलेटिनमध्ये जिल्ह्यांची जागा जायची नाही.

२००७-०८ ला मराठी न्यूज चॅनेलांची लाट आली, झी २४ तास, स्टार माझा, मग आयबीएन लोकमत, आणि आमच्यातले कितीतरी जण तिकडे गेले. आज मराठी बातम्यांमधली बरीच मोठी नावं त्या हैदराबादच्या डेस्कवरून आलेली आहेत. कलर्स झाल्यावर ते चॅनेल निव्वळ मनोरंजनाचं राहिलं. मला नाव बदलल्याचं दुःख नाही, पण तालुक्याची बातमी त्या बारकाईने देणारं तसं दुसरं काही नंतर उभं राहिलं नाही, निदान मला दिसलेलं नाही. आत्ताची चॅनेलं सकाळपासून रात्रीपर्यंत मुंबई आणि दिल्लीच्या पत्रकार परिषदा दाखवतात आणि देऊळगाव राजा फक्त निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी खालच्या पट्टीत दिसतं.

मुलुंडकर

एक मुद्दा कुणी घेतला नाही, स्टार माझा. तिथे विक्री झालीच नव्हती. ती कंपनी पहिल्यापासून आनंद बाजार पत्रिका आणि स्टार यांची मिळून होती, ७४ आणि २६ टक्के, कारण बातम्यांच्या चॅनेलमध्ये परदेशी पैसा २६ टक्क्यांच्या वर चालत नव्हता. २२ जून २००७ ला चॅनेल आलं, २०१२ ला स्टारने आपलं नाव काढून घेतलं आणि १ जून २०१२ पासून एबीपी माझा. "उघडा डोळे, बघा नीट" तेच राहिलं, माणसंही तीच. त्यामुळे प्रेक्षक हलला नाही. माझ्या मते नाव बदललं तरी माणसं तीच ठेवली तर चॅनेल तेच असतं. उलट मी मराठीचं बघा, सब टीव्ही सोनीला विकल्यावर अधिकारी बंधूंनी २००७ ला काढलं, नाव तेच ठेवून आधी मालिका आणि नंतर बातम्या. नाव एक, पण आत दोन वेगळी चॅनेलं होऊन गेली.

डेस्कवरची

मुलुंडकर, पटलं. फक्त एक सांगते, माणसं तीच राहिली तरी जुन्या टेपा कोणाकडे राहतात हे करारात ठरतं, आणि चॅनेलच बंद पडलं तर त्या टेपांना वालीच नसतो. सह्याद्रीचं निदान सरकारी असल्यामुळे बरंच जुनं त्यांच्या यूट्यूबवर बघायला मिळतं. ताराचं कोण टाकणार?

वाईकर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

डेस्कवरच्या ताईंनी टेपांचं काढलं म्हणून विचारतो. त्या काळी घरोघरी व्हीसीआरवर लोक मालिका, गाण्यांचे कार्यक्रम रेकॉर्ड करायचे. कुणाकडे २००० ते २००५ मधलं अल्फा, ई टीव्ही आणि खासकरून तारा मराठीचं काही असेल तर कृपा करून फेकू नका. मधल्या जाहिराती, निवेदिकांचं बोलणं, पुढच्या कार्यक्रमाची पाटी हे पण काढू नका, तेच तर कुठे उरलेलं नाही. माझ्याकडे चालू व्हीसीआर आहे, उतरवून द्यायला मी तयार आहे, पैसे नकोत.

केबलवाला_इचलकरंजी

एक लक्षात ठेवा सगळ्यांनी. कॅसेटच्या खिडकीतून बघा, रिळावर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट तशीच व्हीसीआरमध्ये घालू नका, हेड खराब होतं आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागतं. आधी साफ करून घ्यायची, कोल्हापुरात करणारे अजून आहेत. आणि "लग्न" असं लिहिलेल्या कॅसेटाही शेवटपर्यंत बघा, लोक लग्न संपल्यावर उरलेल्या रिळावर टीव्हीवरचंच रेकॉर्ड करायचे.

वाईकर, माझ्याकडे कंट्रोल रूममधल्या काही टेस्टिंगच्या कॅसेटा माळ्यावर आहेत, सिग्नल बघायला पाच-दहा मिनिटं रेकॉर्ड करायचो त्या. त्यात ताराचं असण्याची शक्यता आहे. रविवारी काढून बघतो आणि इथेच कळवतो.