पद्यातलं फ्रेंच प्रहसन: यमक ठणकतं, विनोद पडतो

प्रश्न: फ्रेंच नाटककार रेन्यारच्या १७०८ च्या 'ल लेगातेर युनिव्हर्सेल' या प्रहसनावरून डेव्हिड आइव्ह्जने इंग्रजी पद्यात केलेलं 'द एअर अपॅरंट' बसवतोय. नट प्रत्येक ओळीशेवटी थांबतात. काय करावं?

प्रतिसाद १: मुळातली फ्रेंच ओळ बारा अक्षरांची, सहाव्यानंतर यती, म्हणजे छोटा थांबा. इंग्रजीत ती साधारण दहावर येते, पाच आघात (जोर पडणाऱ्या जागा). अर्थ पुरा होईपर्यंत एका दमात म्हणायला लावा. ओळ संपली म्हणून आवाज खाली पाडायचा नाही. जोडओळीतलं (यमक जुळणाऱ्या दोन ओळींतलं) पहिलं यमक सहज जाऊ द्या, जोर दुसऱ्यावर. दोन्ही ठणकावली की प्रेक्षक दुसरं आधीच ओळखतो, मग हशा कसला!

प्रतिसाद २: एकच ओळ दोघातिघांत तुटते ना, तिथे जास्त घोळ होतो. तुकडे मिळून पाच आघात भरायचे असतात. मध्येच कुणी श्वास घेतला की ठेका गेला. त्या ओळी आधी टाळीवर बसवा, हालचाली नंतर. दार आपटणं, धडपडणं यमक पडल्यावरच.

प्रश्नकर्ता: आणि मृत्युपत्राचा प्रवेश?

प्रतिसाद १: तिथे उलट, सावकाश. बेशुद्ध पडलेल्या म्हाताऱ्या जेरोन्तचं सोंग घेतलेला नोकर क्रिस्पँ नोटरीला मृत्युपत्राचा मजकूर सांगतो, म्हणजे वेग लेखणीचा. मुळात तो स्वतःला वर्षाला १५०० फ्रँक लावून घेतो आणि जेरोन्तचा भाचा, क्रिस्पँचा मालक एरास्त याला चडफडत गप्प बसावं लागतं. हशा एरास्तच्या चेहऱ्यावर आहे, त्याला प्रेक्षकांकडे तोंड करून बसवा.

प्रतिसाद २: नंतर खरा जेरोन्त शुद्धीवर आल्यावर त्याला सुनावलेलं 'ही तुमची ग्लानी' हे पालुपद येतं. दर वेळी त्याच सुरात. नट रंग भरायला जातात, तिथेच माती होते.