पंधरा ऑगस्ट घरी मुलांसोबत कसा साजरा करता?

ओसरी:

सर्वांना नमस्कार. गेल्या वर्षी स्वातंत्र्यदिनाला माझ्या मुलीने शाळेत भाषण केले. 'पारतंत्र्याच्या शृंखला तोडून' अशी सुरुवात असलेले ते बारा ओळींचे भाषण मीच लिहून दिले होते. तिने ते एका दमात, एकही शब्द न गाळता म्हटले आणि टाळ्याही मिळवल्या. परतताना रिक्षात मी सहज विचारले, की शृंखला म्हणजे काय. "क्रिकेटची असते ती," असे तिने तितक्याच आत्मविश्वासाने सांगितले. हिंदी समालोचन ऐकून तिने तो अर्थ लावला होता, आणि तिला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण पाठ करून घेताना मीही तिला तो शब्द समजावून सांगितला नव्हता.

आम्ही ठाण्यात राहतो. मुलगी आता १० वर्षांची आहे आणि मुलगा ६ वर्षांचा. शाळेतले झेंडावंदन आटोपून मुले साडेनऊपर्यंत घरी येतात, येताना जिलबी आणली जाते, गणवेश पलंगावर पडतो आणि उरलेला दिवस इतर कोणत्याही सुट्टीसारखा जातो. या वर्षी तसे होऊ नये असे वाटते. मात्र घरात दुसरी शाळा भरवण्याचीही माझी इच्छा नाही. तिरंगी सँडविच, तिरंगी ढोकळा असे पदार्थ मी करून पाहिले आहेत. मुले ते आवडीने खातात आणि विषय तिथेच संपतो. आपल्यापैकी कुणी घरी काही वेगळे करत असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

अडकित्ता:

आमच्याकडे चौदा तारखेच्या संध्याकाळी झेंडा कागदावर तयार होतो, पण तो मापाने. राष्ट्रध्वजाची लांबी आणि रुंदी ३:२ या प्रमाणात असते, एवढेच मुलांना सांगायचे आणि पट्टी हातात द्यायची. ३६ सेंटीमीटर लांब आणि २४ सेंटीमीटर रुंद असा कागद घेतला, तर प्रत्येक पट्टा बरोबर ८ सेंटीमीटरचा येतो. भागाकार आपल्या मुलीला सहज जमेल.

खरी गंमत अशोकचक्रात आहे. आरे २४ आहेत हे बहुतेक मुलांना पाठ असते, पण ते काढायला बसवले की कुणी अठरा काढतो, कुणी तीस. वाटी उपडी ठेवून वर्तुळ काढावे, ते कापून घ्यावे आणि मुलांना घड्या घालायला सांगावे. निम्म्याने घड्या घालत गेल्यास ८, १६, ३२ असे भाग पडतात आणि २४ कधीच येत नाहीत. तिढा पडला की बहुतेक मुले आपल्याकडे पाहतात. तेव्हा लगेच उत्तर देऊ नये. आधी निम्मी घडी, मग त्या अर्धवर्तुळाचे तीन सारखे भाग आणि त्यानंतर दोनदा निम्मी घडी घातली, की कागद उलगडल्यावर चोवीस घड्या दिसतात. थोरलीने कोनमापक वापरला तरी चालेल, कारण दोन आऱ्यांमध्ये १५ अंश येतात. चक्र गडद निळे असते, काळे नव्हे. मुलांच्या रंगपेटीतला आकाशी रंगही चालत नाही.

हे चालू असताना गोष्ट आपोआप निघते. आपल्या झेंड्यावर आधी चरखा होता. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने आजचा ध्वज स्वीकारला, तेव्हा चरख्याच्या जागी चक्र आले. स्वातंत्र्याला तेव्हा जेमतेम साडेतीन आठवडे उरले होते. माझ्या मुलाने हे ऐकल्यावर विचारले होते, की मग इतक्या कमी दिवसांत एवढे झेंडे शिवले कुणी. त्या एका प्रश्नावर आमची अर्धी संध्याकाळ गेली.

गॅलरीत खरा ध्वज लावणार असाल, तर एक गोष्ट अवश्य पाहावी. काठी गॅलरीतून बाहेर तिरकी काढली असेल, तर केशरी पट्टा काठीच्या बाहेरच्या टोकाकडे यायला हवा. आमच्या इमारतीत दर वर्षी दोन-तीन ध्वज नेमके उलटे असतात, आणि आता मुलेच खाली उभी राहून ते मोजतात व वर जाऊन नम्रपणे सांगून येतात. जुलै २०२२ मधील बदलानंतर घरावरचा ध्वज रात्रीही ठेवता येतो. तरीही आम्ही तो संध्याकाळी उतरवतो, कारण मुलांच्या हाताला तेवढेच एक काम मिळते.

पायवाट:

सहा वर्षांच्या मुलाला गोष्ट सांगायची असेल, तर मी उषा मेहता यांची सुचवेन. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गवालिया टँक मैदानावर 'भारत छोडो'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच गांधीजींसह मोठ्या नेत्यांना अटक झाली. वर्तमानपत्रांवर बंधने होती. अशा वेळी २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईत गुप्त रेडिओ केंद्र चालवले, आणि पोलिसांना ठिकाण सापडू नये म्हणून ते त्याची जागा बदलत राहिले. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी ते पकडले आणि उषाताईंना तुरुंगात जावे लागले. या गोष्टीत लहान मुलांना जे हवे ते सारे आहे: लपणे, पळणे, आवाज आणि धाडस.

आम्ही याचा खेळ केला आहे. मुले दोन-तीन बातम्या स्वतः लिहितात आणि घरातल्या कोणत्याही खोलीतून दबक्या आवाजात वाचतात. दर बातमीनंतर खोली बदलणे सक्तीचे असते. मोठ्यांपैकी एकाने डोळे मिटून दिवाणखान्यात बसायचे आणि आवाज कुठून येतो ते ओळखायचे. ओळखले की केंद्र बंद. आमच्या घरी कपाटात शिरून वाचलेली बातमी आजवर कुणालाही ओळखता आलेली नाही.

आपण ठाण्यात असल्यामुळे आणखी एक सोय आहे. ते मैदान आज ऑगस्ट क्रांती मैदान म्हणून ओळखले जाते आणि ग्रँट रोड स्थानकावरून चालत जाता येते. पंधरा तारखेला पाऊस आणि गर्दी दोन्ही असतात, म्हणून आधीच्या रविवारी जावे.

रानजाई:

मी लातूरची. आमच्या मुलांना आम्ही पंधरा ऑगस्टलाच सांगतो, की १९४७ साली आज आपल्या गावात स्वातंत्र्य आले नव्हते. मुले थबकतात, कारण शाळेच्या भाषणात सगळा देश एकाच मध्यरात्री मोकळा झालेला असतो. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली लोक लढत राहिले, आणि सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याने कारवाई केल्यानंतर १७ तारखेला संस्थान शरण आले. म्हणून आमच्याकडे झेंडावंदन पुन्हा १७ सप्टेंबरलाही असते. त्यामुळे मुलांच्या मनात जिलबीचे दोन दिवस पक्के आहेत, ही गोष्ट निराळी.

माझी सूचना एवढीच आहे, की आपल्या नात्यात त्या काळी पाच-सात वर्षांचे असलेले कुणी हयात असेल, तर मुलांनी त्यांना फोन करावा. प्रश्न मुलांनीच काढावेत. माझ्या आजेसासूबाईंना आम्ही मोठी माणसे 'तुम्हाला काय वाटले हो तेव्हा?' असे विचारत असू आणि त्या 'काय वाटणार, बाई' म्हणून गप्प बसत. माझ्या लेकाने विचारले, 'पणजीआजी, त्या दिवशी घरात जेवायला काय होते?' त्यावर त्या पाऊण तास बोलल्या. रझाकारांच्या भीतीने धान्य कुठे पुरले होते, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. ते त्या दिवशी कळले.

तळकोकणी:

रानजाई यांच्या म्हणण्याला जोड देतो. आमच्या बांद्यापासून पत्रादेवी जवळ आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात निःशस्त्र शिरणाऱ्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी तिथे गोळीबार केला. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी. तेव्हा मुलांना देशाचा नकाशा देऊन कोणता भाग केव्हा आला हे रंगवायला लावता येईल. थोरलीसाठी ते चांगले काम आहे.

उंबरठा:

मी निवृत्त शिक्षक आहे, त्यामुळे माझे मत थोडे कडू वाटल्यास क्षमा असावी. वरचे सर्व उपक्रम चांगले आहेत, पण ते सर्व एकाच दिवशी केले तर ओसरीताईंना नको असलेली दुसरी शाळाच भरेल. एक निवडावा. मुले कंटाळली तर तोही अर्ध्यावर सोडावा.

दुसरे असे, की नकाशा पुढ्यात ठेवल्यावर दहा वर्षांची मुलगी फाळणीविषयी विचारणारच. तेव्हा 'मोठी झालीस की कळेल' असे म्हणून तो प्रश्न बाजूला सारू नये. माझ्या नातीला मी इतकेच सांगितले होते, की पंधरा ऑगस्टला लोक झेंडे घेऊन रस्त्यावर आले, पण पंजाब आणि बंगालमधल्या अनेकांना आपले गाव कोणत्या देशात गेले हेच ठाऊक नव्हते, कारण सीमारेषा १७ ऑगस्टला जाहीर झाली. आणि गांधीजी त्या दिवशी दिल्लीत नव्हते, कलकत्त्यात होते, दंगली थांबाव्यात म्हणून, आणि त्यांनी तो दिवस उपवासात घालवला. रक्तपाताची वर्णने मी केली नाहीत. तिने एकच विचारले, 'म्हणजे दोन दिवस ते लोक कुठल्याच देशात नव्हते?' मला उत्तर सुचले नाही आणि मी तसे तिला सांगितले.

सोळा तारखेला सकाळी मुलांना घेऊन एक फेरी मारावी, ही माझी जुनी सवय आहे. रस्त्यात पडलेले कागदी झेंडे पिशवीत गोळा करायचे. ध्वजसंहितेप्रमाणे कागदी झेंडे जमिनीवर टाकायचे नसतात, त्यांची विल्हेवाट खासगीत आणि मानाने लावायची असते. प्लास्टिकचे झेंडे मुळात घेऊच नयेत, हे सांगायला वेगळे भाषण लागत नाही. पिशवीतला चिखल दाखवला की पुरते.

ओसरी:

सर्वांचे मनापासून आभार. उंबरठा सरांचा सल्ला मानून एकच गोष्ट करायची असे ठरवले होते, प्रत्यक्षात तीन झाल्या, पण त्यातल्या दोन मुलांनीच ओढून आणल्या.

चौदा तारखेला झेंडा केला. मुलीचे चक्र कोनमापकाने नेटके जमले. धाकट्याने मात्र निम्म्याच घड्या घातल्या आणि त्याच्या चक्राला सोळा आरे आले. तीन भागांची घडी मी दाखवली, ती त्याने पाहिली, आणि 'माझे छोटे चक्र आहे' असे सांगून सोळा आरे कायम ठेवले. ते चक्र आता फ्रिजच्या दारावर आहे.

पंधराला दुपारी रेडिओ केंद्र सुरू झाले. डोळे मिटून बसायला माझे सासरे होते. गॅलरीतली आणि न्हाणीघरातली बातमी त्यांना ओळखता आली नाही. तिसऱ्या बातमीच्या मध्येच कुकरची शिट्टी झाली आणि केंद्र स्वयंपाकघरात पकडले गेले. 'कुकर पोलिसांना सामील आहे' असा आरोप धाकट्याने केला व त्या दिवशी वरण खाल्ले नाही.

संध्याकाळी माझ्या नाशिकच्या आत्याआजींना फोन लावला. त्या १९४७ साली सात वर्षांच्या होत्या. रानजाईताईंनी सुचवल्याप्रमाणे मुलीने जेवणापासून सुरुवात केली. शाळेत साखर-खोबरे वाटले होते आणि प्रत्येकीला पत्र्याचा एक बिल्ला मिळाला होता, त्याची टाचणी त्यांना टोचली होती, इतके त्यांना लख्ख आठवते. बिल्ल्यावर काय होते असे मुलीने विचारले. आत्याआजी म्हणाल्या, चरखा. मुलगी म्हणाली, चरखा कसा असेल, चक्र बावीस जुलैलाच आले होते. त्यावर आत्याआजींनी, 'अगं, मी होते ना तिथे!' असे बजावले. माझा अंदाज असा, की शाळेने आधीचेच बिल्ले वाटले असावेत, पण मुलीला तो मान्य नाही. गणपतीत आम्ही नाशिकला जाणार आहोत, तेव्हा जुन्या पेटीत तो बिल्ला शोधायचा, असे दोघींचे फोनवरच ठरले आहे.