ट्रायल ७० दिवसांत सुरू झाली म्हणून हॉस्पिटल भारी?

टेम्सकाठचा: काल कोणीतरी इथे लिहिलं की एनएचएसने, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने, हॉस्पिटलं नव्या औषधांची ट्रायल सुरू करायला किती दिवस लावतात ते मोजलं आणि सगळं सुधारलं, आपणही तेच करा. अहो, मी याच खात्यात आहे. व्हॅलिड अर्ज आल्यापासून पहिला पेशंट घेईपर्यंत ७० दिवस, असा तो तेव्हाचा नियम. पण अर्ज व्हॅलिड कधी झाला हे सुरुवातीला ठरवायचं कोणी, तर हॉस्पिटलनेच! एक कागद कमी आहे म्हणायचं, घड्याळ सुरूच होत नाही. आणि दुर्मिळ आजाराला ७० दिवसांत पेशंट आणायचा कुठून? मग घ्या सोप्या ट्रायल.

शंकासुर: मोजत नव्हते तेव्हा करार लीगलमध्ये लोळत पडायचे, फार्मसीची सही आली की पॅथॉलॉजीवाले रजेवर. आकडा वरच्या साहेबांकडे गेला तेव्हा कुठे फोन उचलायला लागले लोक.

टेम्सकाठचा: हो का? मग २०२३ च्या ओशॉनेसी रिव्ह्यूत, म्हणजे ट्रायलवरच्या ब्रिटिश सरकारी अहवालात, कमर्शियल (औषध कंपन्यांच्या) ट्रायलमधली पेशंटभरती चार वर्षांत ४४ टक्के घसरलेली कशी? आणि वेग घड्याळानेच येतो म्हणता, तर कोविडवरच्या औषधांची रिकव्हरी ट्रायल बघा, मार्च २०२० मध्ये सुरू होऊन जूनमध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा निकाल आलासुद्धा.

शंकासुर: बाकीच्या ट्रायल थांबवून! त्या ४४ टक्क्यांत कोविडही आहे, ते सोयीस्कर विसरलात.

सीआरसी_पुणे: मी इथे ट्रायलची कोऑर्डिनेटर आहे, तुमचं घड्याळ घाला चुलीत. पेशंटचं कोण मोजतं? आमच्या ट्रायलमधले एक आजोबा बारामतीहून पहाटेच्या एसटीने यायचे, उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून. प्रवासखर्च कन्सेंट फॉर्ममध्ये (संमतीपत्रात) लिहिलेला, व्हाउचरवर अंगठा घेतलेला, पैसे तीन महिन्यांनी. पुढे आलेच नाहीत. माझ्या शीटवर काय, तर लॉस्ट टू फॉलो-अप, म्हणजे पेशंट मधेच यायचा बंद!

शंकासुर: मग तुम्ही काय करत होतात ताई? खिशातून द्यायचे तात्पुरते.

सीआरसी_पुणे: माझा पगार माहितीये का? स्पॉन्सरने (ट्रायलचा खर्च करणाऱ्या कंपनीने) पाठवलेले पैसे अकाउंट्समध्ये अडकणार आणि भुर्दंड मी भरू?

कोथरूडकर: इंग्लंडात पण तेच हो, भाचीला प्रत्येक व्हिजिटला पार्किंगचे पैसे भरावे लागायचे.

टेम्सकाठचा: पार्किंगवर नका जाऊ, विषय सेटअपचा आहे, ट्रायल सुरू करण्याच्या तयारीचा.

सीआरसी_पुणे: पेशंट आला की विषय भरकटतो म्हणा ना.

शंकासुर: बरं, व्हॅलिडची पळवाट आहे, मानलं, खूश? पण कमर्शियल सेटअपला २५० च्या वर दिवस जायचे हे मोजलं म्हणूनच मार्च २०२६ चं १५० दिवसांचं टार्गेट आलं ना? ताई, व्हाउचर किती दिवसांत निघालं याचा रकाना तुम्हीच टाका की शीटमध्ये.

सीआरसी_पुणे: टाकला होता. वरून मेल आला, हा डेटा कोणी मागितलेला नाही, काढून टाका.